मेहताजी निवृत्त झाले आणि मी बाबु सुथारांचा कोश उघडला

फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत म्हणतात, पण मी हिशेबातली बाई आहे. फुकट वस्तूलाही जमा-नावे लावल्याशिवाय मला राहवत नाही. तर वस्तू अशी: 'गुजराती-इंग्लिश लर्नर्स डिक्शनरी', कर्ते बाबु सुथार, फिलाडेल्फियाचं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, साल २००३. पीडीएफ आहे, पैसे लागत नाहीत. ज्या मुंबईकर मराठी माणसाला गुजराती कानाने येते पण वाचता येत नाही, त्याच्यासाठी याहून कामाची वस्तू माझ्या वापरात आलेली नाही. दोष आहेत, तेही सांगते. पण हे मत आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी बरीच भटकणार आहे.

मी मस्जिद बंदरला मसाल्याच्या पेढीवर हिशेब सांभाळते. शेठ कच्छी, दलाल काठियावाडचे, माल चढवणारे-उतरवणारे सातारा आणि जुन्नरकडचे, आणि मी डोंबिवलीची. पेढीवर मला सगळे 'बेन' म्हणतात. दिवसभर गुजराती कानावर असते, बोलतेही मी. भाव, वटाव, दलाली, उधारी, जांगडावर गेलेला माल, कोणाची मुलगी कुठे दिली, सगळं गुजरातीत. हिशेब मात्र संगणकावर, इंग्रजीत. त्यामुळे लिपीवाचून माझं काही अडलं नाही. अडायचं ते गुजरातेतल्या ऊंझ्याच्या आडत्यांच्या चिठ्ठ्यांपाशी आणि 'व्यापार' या छापील पत्रापाशी. ते आमचे मेहताजी, म्हणजे पेढीचे कारकून, वाचून दाखवायचे. मेहताजी जामनगरला मुलाकडे राहायला गेले, आणि शेठ चष्मा विसरले की चिठ्ठी घडी घालून टेबलावर तशीच पडायला लागली. शेठची भाची फिलाडेल्फियाजवळ वाढलेली, तिकडच्या विद्यापीठात तिने गुजरातीचा वर्ग केला होता. तिने हा कोश मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली एक ओळ होती, "बेन, आनाथी चालु करो." म्हणजे यापासून सुरुवात करा.

इथे एक गंमत सांगते. भाषाशास्त्राच्या पुस्तकांत मुंबईचा गुजराती मसाल्याचा व्यापारी फार प्रसिद्ध आहे. प्रबोध पंडित नावाचे मोठे गुजराती भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले. पुणे विद्यापीठाने १९७२ साली त्यांची गुणे स्मारक व्याख्यानं छापली, त्यात हे गृहस्थ येतात. घरात गुजराती, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदी, धंद्यात कच्छी आणि कोंकणी, आणि कपडे करून जायच्या ठिकाणी इंग्रजी. एका माणसाच्या तोंडी पाच-सहा भाषा, आणि त्यातली एकही दुसरीला हुसकावून लावत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला हे वाचून हसू आलं, कारण हा माणूस मी रोज बघते, चहाचा कप त्याच्याच टेबलावर ठेवते. पंडितांच्या उदाहरणात त्याचे हिशेब लिहिणारी मराठी बाई तेवढी नाही. तिलाही चार भाषा येतात हो.

आता कोश. पहिली गोष्ट, हा विद्यार्थ्यांसाठी केलेला आहे आणि ते पानापानावर जाणवतं. मोठे कोश विद्वानांनी विद्वानांसाठी केलेले असतात. भगवद्गोमंडलाचं उदाहरण घ्या. गोंडलचे महाराज भगवतसिंहजी यांनी करून घेतलेला हा ज्ञानकोशवजा शब्दकोश, ९ खंड, २,८१,३७७ शब्द, पहिला खंड १९४४ साली आला आणि शेवटचा १९५५ साली. संस्थानिकाने भाषेवर खर्च केलेला असा पैसा क्वचितच सापडेल, माझा त्याला दंडवत. पण 'उघराणी' (वसुली) शोधायला नऊ खंडांत शिरलं की माणूस बाहेर येईपर्यंत उघराणीची मुदत टळते. सुथारांच्या कोशाने कोणते शब्द घ्यायचे नाहीत हे ठरवलं आहे, आणि माझ्या मते कोशकाराची खरी अक्कल तिथेच दिसते. वर्गात समोर बसलेला मुलगा कुठे अडेल हे ज्याने पाहिलेलं असतं, तोच हे ठरवू शकतो.

शब्द गुजराती लिपीत, अर्थ इंग्रजीत, शब्दाची जात आणि लिंग दिलेलं. लिंगाचं मोल मराठी माणसाला चटकन कळणार नाही, कारण आपल्याला तीन लिंगं जन्मापासून आहेत. गुजरातीलाही तीन आहेत. हिंदीने नपुंसकलिंग टाकून दिलं, गुजराती, मराठी आणि कोंकणीने ठेवलं. आमच्या गोदामातच बघा: अजमो पुल्लिंगी, वरियाळी स्त्रीलिंगी, जीरुं नपुंसकलिंगी. आपल्याकडे ओवा तो, बडीशेप ती, जिरं ते. एकास एक जुळतं. ओ, ई, उं या तीन शेवटांवरून बहुतेक वेळा लिंग ओळखता येतं. जे शब्द व्यंजनावर संपतात तिथे मात्र कोश उघडावा लागतो, आणि तिथे मराठीच्या भरवशावर राहिलं तर कधी जुळतं, कधी जुळत नाही. मी आता प्रत्येक नवा शब्द लिंगासकट वहीत उतरवते.

लिपीचं फार भय घेऊ नका. वरची रेघ नाही, एवढा एक धक्का. गुजराती लिपी मूळची वाण्यांची आणि सराफांची, चोपडे आणि पत्रं लिहायची. धंद्यातल्या माणसाला रेघ ओढत बसायला वेळ कुठला. मग छापखान्यात शिरली. पारशी मुद्रक फर्दुनजी मर्झबान यांनी मुंबईत १८२२ साली 'मुंबई समाचार' सुरू केला, तो आजही निघतो. देवनागरी येणाऱ्याला ख, च, ज, झ, फ, ब इथे थांबावं लागतं, बाकीची अक्षरं रेघेखालून आपली वाटतात. कोश वर्णमालेच्या क्रमाने आहे, तो क्रम आपलाच, त्यामुळे शब्द शोधताना लिपीही बसत जाते. मी लोकलमध्ये शिकले. डोंबिवलीहून फास्ट मस्जिदला थांबत नाही, भायखळ्याला उतरून स्लो धरायची, तोवर दोन पानं होतात.

खरी अडचण येते ती कानाने शिकलेल्या माणसाला, आणि हा भाग मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण कोणत्याही परीक्षणात मला तो सापडला नव्हता.

ऐकलेला शब्द कोशात शोधायचा तर आधी तो लिहायचा कसा हे माहीत हवं. गुजरातीत ह्रस्व-दीर्घ इ आणि उ उच्चारात वेगळे राहिलेले नाहीत, लेखनात मात्र राहिले आहेत. म्हणजे ऐकलेला शब्द आधी ह्रस्वात शोधा, नाही मिळाला तर दीर्घात. हे नियम गुजरात विद्यापीठाच्या 'जोडणीकोशा'ने (जोडणी म्हणजे शुद्धलेखन) १९२९ साली घालून दिले, आणि त्यामागे गांधीजी होते. यापुढे कोणाला मन मानेल तसं लिहायचा अधिकार नाही, असं त्यांनी बजावलं. मीठ हातात घेऊन कायदा मोडायच्या एक वर्ष आधी महात्माजींनी ऊकाराचा कायदा केला, हे मला फार आवडतं. पुढे १९९९ साली ऊंझ्याला परिषद भरली आणि तिने एकच इ, एकच उ पुरे असा ठराव मांडला. आमच्यासाठी ऊंझा म्हणजे जिऱ्याची पेठ, देशाचा भाव तिथे ठरतो. तिथे ह्रस्व-दीर्घाचंही बाजारभावासारखं काही झालं होतं हे मला हा कोश हाती येईपर्यंत ठाऊक नव्हतं. 'ऊंझा जोडणी'चे पुरस्कर्ते अजून आहेत, पण शाळा आणि वर्तमानपत्रं जुन्याच नियमांवर चालतात, तेव्हा शोधणाऱ्याला दोन्ही दारं वाजवावीच लागतात. मराठीत ह्रस्व-दीर्घावर रडलेल्या पिढ्यांना हे सांगायला नको.

दुसरी अडचण 'ह'ची. गुजराती माणूस 'के'वुं', 'रे'वुं', 'बेन' म्हणतो. लिहितो कहेवुं, रहेवुं, बहेन. म्हणजे ह वेगळा ऐकू येत नाही, तो स्वरात विरघळतो आणि स्वर श्वास सोडत म्हटल्यासारखा येतो. 'बार' म्हणजे बारा आणि 'बहार' म्हणजे बाहेर, यांत फरक फक्त त्या श्वासाचा. फोनवर भाव ऐकताना हा फरक चुकला तर काय होईल याची कल्पना करा. या स्वरांवर पहिलं नेटकं काम याच प्रबोध पंडितांनी १९५७ साली केलं, आणि गुजरातीच्या ध्वनिरचनेवरच्या त्यांच्या ग्रंथाला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. भाषाशास्त्राच्या पुस्तकाला साहित्याचा पुरस्कार, बघा. मी काय करते: ज्या शब्दात ए किंवा आ जरा उसासा टाकून येतो, तिथे लिहिताना ह धरून कोशात जाते. बहुतेक वेळा शब्द मिळतो.

तिसरी अडचण प्रदेशाची, तिला कोश उत्तर देऊ शकत नाही आणि द्यावं अशी अपेक्षाही नाही. सुरतेकडचा माणूस सारुंला (चांगलं) 'हारुं' म्हणतो. कोश प्रमाण गुजरातीचा, तेव्हा ह काढून स लावून बघायचं. आमचे शेठ घरी फोन करतात तेव्हा तर कोश मिटूनच ठेवावा. ती कच्छी, तिची सोयरीक सिंधीशी आहे.

आता हा कोश करणाऱ्या माणसाकडे येते. पुस्तक विकत घेताना आपण लेखक बघतो, मग फुकट घेताना का बघू नये.

बाबु सुथार यांचा जन्म १९५५ चा, पंचमहाल भागातल्या भरोडी गावचा. हे गुजरातेत प्रयोगशील कादंबरीकार आणि कवी म्हणून ओळखले जातात, 'काचंडो अने दर्पण' ही त्यांची कादंबरी १९९० ची. भाषाशास्त्र शिकले, पुढे अमेरिकेत गेले आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बरीच वर्षं गुजराती शिकवली. 'संधि' नावाचं गुजराती साहित्याचं नियतकालिकही त्यांनी तिकडून चालवलं. अशा माणसाने विद्यार्थ्यांसाठी कोश करत बसावं हे मला आधी विचित्र वाटलं. प्रयोगशील कादंबरीकार मोडतोड करणारा, आणि कोशकार म्हणजे साठ्याच्या वहीत एकेक नग मांडणारा. मग वाटलं, परदेशात भाषा शिकवणाऱ्या माणसाला दुसरा इलाज तरी काय असतो. गणिताच्या प्राध्यापकाला जगभर तयार पुस्तकं मिळतात. गुजरातीच्या मास्तराला फळा, पुस्तक, कोश, परीक्षा सगळं स्वतःच उभं करावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं वर्गाबाहेर कोणाला दिसतही नाही.

फिलाडेल्फिया हे गाव मात्र त्यासाठी बरं. डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी १९४८ साली तिथे दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा विभाग काढला, अमेरिकेतला असा पहिलाच. रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेला आपल्याला जगाच्या भाषा येत नाहीत याची एकदम जाग आली आणि १९५८ च्या कायद्याने अशा विभागांना सरकारी पैसा मिळू लागला. त्या पैशातून मराठीचंही भलं झालं. फ्रँकलिन साउथवर्थ आणि नरेश कवडी यांचा बोलक्या मराठीचा अभ्यासक्रम याच विद्यापीठाने साठच्या दशकात छापला. मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांचं मराठी व्याकरण याच विभागाने १९७५ साली काढलं, आणि ते घडलं फलटणला. बर्नसनबाई पुढे फलटणच्याच होऊन राहिल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं, शाळा काढली. म्हणजे एकाच विभागाने मराठीसाठी अमेरिकन बाई फलटणला आणली आणि गुजरातीसाठी पंचमहालचा माणूस फिलाडेल्फियाला नेला.

याच विद्यापीठात पन्ना नायक होत्या. मुंबईत जन्मलेल्या कवयित्री, तिथल्या ग्रंथालयात नोकरी करायच्या आणि गुजरातीही शिकवायच्या. त्यांच्या एका कवितासंग्रहाचं नावच 'फिलाडेल्फिया' आहे. आणि जॉर्ज कार्डोना. पाणिनीच्या अभ्यासातलं हे मोठं नाव, पण १९६५ साली या गृहस्थांनी गुजरातीचं संदर्भ-व्याकरण इंग्रजीत लिहून ठेवलं आहे. मला ते नात्यातल्या एका प्राध्यापकबाईंच्या कृपेने चाळायला मिळालं. सुबक आहे, कोरडं आहे. गोष्टी सांगत नाही, नियम सांगतं. पाणिनीच्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करणार.

कार्डोना आणि सुथार या दोघांनी मिळून गुजरातीवर एक प्रकरण लिहिलं आहे, कार्डोना आणि धनेश जैन यांनी संपादलेल्या 'द इंडो-आर्यन लँग्वेजेस' या हजारावर पानांच्या ग्रंथात. तेही २००३ चंच. म्हणजे त्या साली सुथारांनी एका हाताने विद्वानांसाठी प्रकरण दिलं आणि दुसऱ्या हाताने विद्यार्थ्यांसाठी कोश. त्याच ग्रंथात मराठीचं प्रकरण राजेश्वरी पंढरीपांडे यांचं, कोंकणीचं रॉकी मिरांडा यांचं. पंढरीपांडे नागपूरच्या, त्यांनी इलिनॉयमध्ये शिकवलं. ग्रंथाची किंमत माझ्या पगाराला झेपणारी नाही, ग्रंथालयात बसून वाचावा. उदाहरणं सगळी रोमन लिपीत आहेत, टिंबं-रेघांसकट, त्यामुळे लिपी शिकायला त्याचा उपयोग शून्य. पण मराठी माणसाने गुजराती आणि मराठीची प्रकरणं शेजारी ठेवून वाचावीत. मला तिथे एक गोष्ट नीट कळली, जी पेढीवर इतकी वर्षं ऐकूनही कळली नव्हती.

आपण म्हणतो, 'मी मुलीला पाहिलं'. 'ला' लागला की क्रियापद हात झटकून नपुंसकलिंगी होतं, मग मुलगी असो की मुलगा. हिंदीतही असंच, 'को' लागला की 'देखा'. गुजरातीत 'ने' लागला तरी क्रियापद मुलीला सोडत नाही: 'में छोकरीने जोई'. मराठी माणूस गुजराती बोलताना ओळखू येतो तो इथे. उच्चार कितीही साफ असू दे, 'छोकरीने जोयुं' म्हटलं की समोरचा दलाल गालात हसतो आणि भाव मात्र तोच ठेवतो. हे कोशात सापडणार नाही, ते कोशाचं कामही नाही. पण कोश एकटा पुरत नाही हे विकत घेणाऱ्याला, म्हणजे डाउनलोड करणाऱ्याला, माहीत असावं. उलट काही ठिकाणी मराठीवाल्याला फुकट सवलत आहे. 'अमे' आणि 'आपणे' यांतला फरक हिंदीवाल्याला समजावून सांगावा लागतो, आपल्याला 'आम्ही' आणि 'आपण' घरचे आहेत. 'अमे जमवा जईए छीए' (आम्ही जेवायला जातोय) ऐकून मी डबा उघडते, 'आपणे' ऐकलं तर पर्स उचलते.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी: इंग्रजीचा वळसा. गुजरातीतून इंग्रजीत जायचं आणि इंग्रजीतून मराठीत यायचं, हे मस्जिदहून दादरला पनवेलमार्गे जाण्यासारखं आहे. धाणा आणि कोथमीर यांना इंग्रजी एकाच नावाने हाक मारते. मसाल्याच्या पेढीवर हे चालत नाही, एक गोणीत येतं आणि एक जुडीत. नात्यांचंही तेच, काका, मामा, फुआ (आत्याचा नवरा), मासा (मावशीचा नवरा) सगळे इंग्रजीत गेले की एका रांगेत उभे राहतात आणि लग्नाच्या आहेराचा हिशेब चुकतो. फिलाडेल्फियाच्या विद्यार्थ्याला इंग्रजीच लागणार, म्हणून दोष सुथारांचा नाही. पण मी वापरणारी आहे, मला त्रास होतो, तो मी लिहिणार. माझ्या प्रतीत समासात मराठी अर्थ पेन्सिलीने भरत चालले आहेत. गुजराती-इंग्रजी कोशांची जुनी परंपरा बघितली तर तिथे एक आपलं आडनाव भेटतं, मल्हार भिकाजी बेलसरे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अहमदाबादेत यांनी गुजराती-इंग्रजी कोश केला, व्युत्पत्तीसकट. त्याची पुनर्मुद्रणं मिळतात. जाडजूड आहे, भारदस्त इंग्रजी आहे, आणि आडत्याच्या चिठ्ठीपेक्षा जुनं साहित्य वाचायला अधिक उपयोगी. बेलसऱ्यांनीही अर्थ मराठीत दिले नाहीत म्हणून मी थोडी रुसले आहे त्यांच्यावर.

दुसरी तक्रार वयाची. २००३ चा कोश, पुढे बाजारात जे आलं ते त्यात असण्याचा प्रश्नच नाही. जीएसटी, ई-वे बिल, क्यूआर. हे शब्द गुजरातीत जसेच्या तसे आहेत म्हणून अडत नाही, एवढंच.

तिसरी, फोनवर वाचायला गैरसोय. पीडीएफ ती पीडीएफ, ती अ‍ॅप नाही. छोट्या पडद्यावर पान मोठं करा, सरकवा, पुन्हा लहान करा, तोवर शेठ दुसऱ्या विषयावर गेलेले असतात. झटपट शब्द हवा असेल तर 'गुजरातीलेक्सिकोन' वापरा. ती साइट २००६ साली सुरू झाली, रतिलाल चंदरया यांनी उभी केली. हे केनियात जन्मलेले, जगभर उद्योग असलेल्या कुटुंबातले, आणि उतारवयात गुजराती शब्द संगणकावर चढवायच्या मागे लागले. भगवद्गोमंडलही तिथे शोधता येतं, म्हणजे नऊ खंडांचं ओझं नको असेल तर तेवढाच रस्ता. पेढीवर मी लेक्सिकोन वापरते, घरी सुथार. लेक्सिकोन शब्द देतो आणि आपण पुढे जातो. कोशाचं पान समोर असलं की शेजारचे चार शब्दही डोळ्यांखालून जातात. माझा निम्मा शब्दसंग्रह त्या न शोधलेल्या शब्दांतून आला आहे.

आणि चौथी, हस्ताक्षर. छापील गुजराती वाचता येऊ लागली म्हणून आडत्याची चिठ्ठी वाचता येईल असं नाही. ऊंझ्याच्या आमच्या एका आडत्याचं अक्षर बघून शेठ स्वतः देवाचं नाव घेतात. यावर इलाज कुठल्याही विद्यापीठात नाही, फोन करून विचारावं.

सुथारांच्या कादंबरीशी मी झटापट करून पाहिली, त्यांच्याच कोशाच्या आधाराने. सोपं नाही. शब्द कळतात, पण वाक्यं मुद्दाम वेड्यावाकड्या वाटेने नेलेली, आणि गोष्ट हातात येते म्हणेपर्यंत निसटते. हा माणूस वर्गात जितका सरळ चालतो तितका कागदावर चालत नाही. माझ्यासारखीने आधी 'मुंबई समाचार'मधल्या मरणाच्या जाहिराती वाचाव्यात. हसू नका, शिकायला त्याहून चांगला मजकूर नाही. नाती, गावं, तारखा, वेळ, बेसणानी जागा (शोकसभेची जागा), सगळं ठरलेल्या साच्यात येतं, आणि मुंबईतल्या कुठल्याही पेढीवर तो दिवसाचा पहिला वाचायचा मजकूर असतो. मग बाजारभाव, मग अग्रलेख. कथा-कविता सावकाश.

कोणी घ्यावा? गुजराती शेजार, सासर किंवा नोकरी असलेल्या आणि थोडं इंग्रजी येणाऱ्या कोणीही. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना याची गरज नाही, ती आपल्यालाच शिकवतील. इंग्रजी अजिबात येत नसेल तर हा तुमच्या उपयोगाचा नाही. पाचपैकी चार तारे, एक तारा त्या पनवेलच्या वळशाचा कापला.

घ्यायचा कसा: कोशाचं इंग्रजी नाव आणि विद्यापीठाचं नाव टाकून शोधा, फाइल हलकी आहे. झेरॉक्सवाल्याकडे छापून स्पायरल करून घ्या, जिल्द लावलीत तर पान सपाट राहत नाही. एकाच बाजूला छापा. कागद दुप्पट जातो, पण समोरचं कोरं पान मराठी अर्थांना लागतं, आणि शेठच्या कच्छीला.